पोटगीचा हिशेब

मराठी भाषेंत एकाच गोष्टीला तीन नांवें आहेत : पोटगी, खावटी आणि अन्नवस्त्र. जुन्या कज्जांच्या कागदांत ‘अन्नवस्त्राचा दावा’ असा शब्द आढळतो. खेड्यापाड्यांत ‘तिनें खावटी लावली’ असें म्हणतात. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत ‘पोटगी’ हा शब्द रूढ आहे. तिन्ही शब्द जरा बारकाईनें पाहिले तर त्यांत पोट आहे, खाणें आहे आणि फार तर अंगावरचें वस्त्र आहे. डोक्यावरचें छप्पर त्यांत नाहीं, औषधपाणी नाहीं, आणि वीस-वीस वर्षें एका घरांत राबलेल्या हातांची किंमत तर नाहींच नाहीं. शब्द होता तेथेंच राहिला. कायदा मात्र त्याच्या पुढें बराच चालून गेला. आज न्यायालयें पोटगी ठरवितांना निवाऱ्याचा खर्च पाहतात, आजारपण पाहतात, लग्नानंतर त्या घरांत राहणीचा जो दर्जा होता तोही पाहतात. परंतु घरोघरीं या विषयाची चर्चा निघाली म्हणजे ती अद्याप त्या जुन्या शब्दाच्याच आधारानें चालते. ‘पोटापुरतें दिलें कीं झालें’ असें एक पक्ष म्हणतो, आणि ‘त्याच्यापुढें हात कशाला पसरावयाचा?’ असें दुसरा म्हणतो. दोन्ही बोलण्यांच्या मुळाशीं समजूत एकच, ती ही कीं पोटगी म्हणजे भिक्षा. ही समजूत कायद्याला मान्य नाहीं. आणि तिच्यामुळें नुकसान होतें तें बहुधा अशा बायकांचें, ज्यांना भीड मोडतां येत नाहीं.

आरंभीं कायद्याचाही हेतु फार मोठा नव्हता, हें मान्य केलें पाहिजे. १८९८ च्या फौजदारी व्यवहार संहितेंत ४८८ वें कलम होतें. टाकलेली बायको आणि तिचीं मुलें उघड्यावर पडूं नयेत, एवढ्यासाठीं मॅजिस्ट्रेटनें नवऱ्यास दरमहा कांहीं रक्कम देण्यास भाग पाडावें, अशी ती योजना होती. आणि त्या रकमेसही वरची मर्यादा घातलेली होती. १९७३ सालीं नवी संहिता झाली. तिचें १२५ वें कलम १ एप्रिल १९७४ पासून अमलांत आलें, आणि घटस्फोट झालेल्या, पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीचा ‘पत्नी’ या शब्दांत प्रथमच समावेश झाला. मर्यादा मात्र दरमहा पांचशें रुपयांची ठेवली गेली. ती मूळ कायद्यांतून निघण्यास २००१ साल उजाडावें लागलें. १९७४ सालीं पांचशें रुपयांत काय येत होतें आणि २००१ सालीं काय येत होतें, हें ज्यांनीं त्या काळांत घर चालविलें त्यांना सांगावयास नको. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें घेतली असून जुनें १२५ वें कलम आतां तेथें १४४ या क्रमांकानें ओळखलें जातें.

ही झाली मॅजिस्ट्रेटाकडची वाट. दुसरी वाट घटस्फोटाच्या दाव्यांतूनच निघते, आणि तिचा इतिहास निराळा आहे. महाराष्ट्रांत अनेक जातींत काडीमोड पूर्वापार होती. पंचांसमक्ष गवताची काडी मोडली कीं संबंध तुटे आणि बाई पाट लावण्यास मोकळी होई. ज्या जाती स्वतःस वरच्या म्हणवीत, त्यांत मात्र लग्न तोडण्याची सोयच नव्हती. सयाजीराव गायकवाडांनीं बडोदें संस्थानांत १९३१ सालीं हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतानें तसा कायदा १९४७ सालीं केला. आणि बहुतेक सर्व देशाला लागू होणारा हिंदु विवाह कायदा १९५५ सालीं आला. त्या कायद्याचीं दोन कलमें प्रत्येक घरानें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. २४ व्या कलमान्वये दावा चालू असतांना तात्पुरती पोटगी आणि दाव्याचा खर्च मागतां येतो. २५ व्या कलमान्वये निकालाच्या वेळीं, किंवा निकालानंतर केव्हांही, कायमची पोटगी मागतां येते. ती दरमहा असेल किंवा एकरकमी. आणि जरूर वाटल्यास न्यायालय देणाऱ्याच्या स्थावर मिळकतीवर तिचा बोजा चढवूं शकतें. परिस्थिति पालटली तर ती रक्कम वाढवितां येते, तशीच कमीही करतां येते. घेणाऱ्यानें पुन्हां लग्न केलें तर ती रद्द होऊं शकते.

अन्य धर्मीयांच्या कायद्यांचा विस्तार येथें करण्याचें कारण नाहीं. ख्रिस्ती लोकांसाठीं १८६९ चा, पारशांसाठीं १९३६ चा आणि नोंदणी पद्धतीनें झालेल्या विवाहांसाठीं १९५४ चा कायदा आहे, आणि प्रत्येकांत पोटगीची तरतूद आहे. मुसलमान स्त्रियांच्या बाबतींत मात्र वाट सरळ नव्हती. इंदूरच्या शहाबानो या वृद्ध बाईंस तेथील मॅजिस्ट्रेटनें १९७९ सालीं दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानें ते १७९ रुपये २० पैशांवर नेले. आणि १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क कायम केला. पुढें १९८६ चा निराळा कायदा झाला, त्याचा अर्थ २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्त्रीच्या बाजूनें लावला, आणि १० जुलै २०२४ च्या निकालानें घटस्फोटित मुसलमान स्त्रीसही १२५ व्या कलमाचा आधार घेतां येतो, हें पुन्हां स्पष्ट झालें. एकशें एकूणऐंशी रुपयांचा तो आकडा पाहिला म्हणजे ज्या वादानें सारा देश ढवळून निघाला, त्यांत प्रत्यक्ष देण्याची रक्कम किती लहान होती, याचें नवल वाटतें.

आतां हिशेबाकडे वळावें. समजा, ठाण्यांतील एक जोडपें आहे. लग्नाला चौदा वर्षें झालीं. पत्नी पदवीधर, लग्नाच्या वेळीं एका बँकेंत कारकून होती, पहिल्या मुलाच्या वेळीं तिनें नोकरी सोडली, कारण सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि घरांत दुसरें कोणी नव्हतें. पतीला प्राप्तिकर आणि सक्तीचा भविष्यनिर्वाहनिधि वजा जातां दरमहा ९६,००० रुपये मिळतात. घर त्याच्या एकट्याच्या नांवावर आहे आणि त्याच्या कर्जाचा हप्ता ३४,००० रुपये आहे. घटस्फोटाचा दावा दाखल होतो. पति म्हणतो, ‘हप्ता गेल्यावर माझ्या हातीं ६२,००० उरतात; त्याचा चतुर्थांश म्हणजे १५,५०० मी देईन.’ पत्नीचे वकील म्हणतात, ‘चतुर्थांश हवा तो ९६,००० चा, म्हणजे २४,००० चा.’ भांडण महिन्याला साडेआठ हजारांचें दिसतें. वर्षाचे ते एक लाख दोन हजार होतात.

न्यायालयें येथें बहुधा पत्नीच्या गणिताच्या बाजूनें झुकतात. कर आणि सक्तीची कपात उत्पन्नांतून वजा होते. मनुष्यानें स्वतःच्या इच्छेनें काढलेल्या कर्जाचा हप्ता सहसा होत नाहीं. आणि तें योग्यच आहे. कारण हप्ता हा किराण्याच्या बिलासारखा खर्च नव्हे, ती त्याच्या स्वतःच्या नांवानें सांठत जाणारी पुंजी आहे. चतुर्थांशाचा हा दाखला मात्र जपून वापरावा. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निव्वळ पगाराचा पाव हिस्सा न्याय्य ठरेल असें म्हटलें खरें. परंतु त्याच निकालांत, पतीनें दुसरें लग्न केलें होतें व त्याच्यावर नव्या कुटुंबाचा भार होता म्हणून, उच्च न्यायालयानें ठरविलेले तेवीस हजार कमी करून वीस हजार केले. पाव हिस्सा हा पाढ्यांतला आंकडा नव्हे. कमाई, वय, प्रकृति, मुलें, शिक्षण, लग्न किती वर्षें टिकलें, नोकरी कोणी व कशासाठीं सोडली, हें सारें तागडींत पडतें. २०२५ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें पत्नीस दरमहा पन्नास हजार ठरवून दर दोन वर्षांनीं त्यांत शेंकडा पांचांची वाढ सांगितली. महागाई ही न्यायालयाच्या दाराशीं थांबत नाहीं, हें तेथें ध्यानांत घेतलें गेलें.

परंतु या ठाण्याच्या उदाहरणांतील खरा प्रश्न चोवीस हजारांचा नाहींच. शाळेच्या अंकगणितांत भागीदारीचा एक धडा असे. एकानें इतकें भांडवल इतके महिने गुंतविलें, दुसऱ्यानें इतकें. तर नफा कसा वाटावा? भांडवल आणि मुदत यांचा गुणाकार करून मुलें तें उदाहरण सोडवीत. त्यांतच एखादें अवघड उदाहरण असे, ज्यांत एक भागीदार पैसा घालीत नाहीं, फक्त काम पाहतो. त्याचा वांटा आधीं बाजूला काढून मग उरलेला नफा वाटावयाचा. दुकान मोडलें तरी कामकरी भागीदारास कोणी ‘तुझें पोट भरेल एवढें देतों’ असें म्हणत नाहीं. घर मोडल्यावर मात्र भारतांतील बहुतेक ठिकाणीं असेंच घडतें. चौदा वर्षांत जें घर झालें, जी ठेव सांठली, ती ज्याच्या नांवावर त्याची. पत्नीनें आजारी सासू सांभाळली, मूल वाढविलें, नोकरीवरची बढती सोडली, याचा मिळकतींत हिस्सा होत नाहीं. त्याला जागा मिळते ती फक्त पोटगीच्या आंकड्यांत. म्हणूनच त्या आंकड्यावर त्याच्या नांवांत न मावणारें ओझें पडलेलें आहे.

याला एक अपवाद महाराष्ट्राच्या वेशीलाच आहे. सावंतवाडीहून निघून तेरेखोल ओलांडलें कीं निराळा कायदा सुरू होतो. गोव्यांत पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणें, लग्नापूर्वीं वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते, आणि लग्न मोडल्यास ती निम्मी-निम्मी वाटली जाते. तेथेंही भांडणें होतात, तेथेंही पोटगीचा प्रश्न उरतो. परंतु बाईच्या पायाखालीं जमीन असते. उरलेल्या देशांतही पत्नीस पतीच्या मिळकतींत कांहीं वांटा मिळावा म्हणून विवाहकायद्याच्या दुरुस्तीचें एक विधेयक आलें होतें. २०१३ सालीं राज्यसभेनें तें संमत केलें. लोकसभेपुढें तें पार पडण्यापूर्वींच तिची मुदत संपली आणि विधेयक बारगळलें.

येथें स्त्रीधनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण सुशिक्षित घरांतूनही गोंधळ होतो. ‘दागिने दिले ना परत, मग पोटगी कसली?’ असें म्हणणारे वडीलधारे अनेक आढळतात. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं निःसंदिग्ध सांगितलें आहे. जें तिचेंच आहे तें तिला परत करणें म्हणजे देणें फेडणें नव्हे. मुलांच्या निर्वाहाचा हिशेबही असाच वेगळा ठेवावा. तो आईच्या पोटगींत गुंडाळून टाकूं नये.

पत्नी मिळवती असेल तर काय? तिची थोडीबहुत कमाई आहे एवढ्यावरून पोटगी नाकारतां येत नाहीं. मिळविण्याची पात्रता असणें आणि प्रत्यक्ष मिळवीत असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, असेंही सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें आहे. चौदा वर्षांपूर्वींची पदवी कपाटांतून काढून कोणी बँकेच्या दारीं गेलें, तर तेथें काय उत्तर मिळेल हें सर्वांस ठाऊक आहे. उलट, जिचा पगार पुरेसा आहे आणि जिला मुलांचा भारही नाहीं, तिचा अर्ज नामंजूर होऊं शकतो, व त्यांत गैर कांहीं नाहीं.

आणि हा हिशेब एकाच बाजूचा नाहीं. हिंदु विवाह कायद्याचीं २४ व २५ हीं कलमें पति व पत्नी दोघांनाही लागू आहेत. नांदेडकडील एका प्रकरणांत पत्नी शिक्षिका होती. घटस्फोट तिच्याच अर्जावरून २०१५ सालीं झाला होता. उत्पन्नाचें साधन नसलेल्या पतीनें पोटगी मागितली. २०१७ सालीं त्यास दरमहा तीन हजारांची तात्पुरती पोटगी मंजूर झाली; ती थकली तेव्हां मुख्याध्यापकांनीं तिच्या पगारांतून दरमहा पांच हजार कापून न्यायालयांत भरावे असा हुकूम झाला; आणि २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें हे हुकूम कायम केले. वर्तमानपत्रांतून त्या निकालाची थट्टा बरीच झाली. परंतु ज्यांना पोटगी ही भिक्षा वाटत नाहीं, त्यांना या निकालांत हंसण्यासारखें कांहीं दिसूं नये. संसारांत एकजण सबळ आणि दुसरा निर्बल राहिला असेल, तर भार कोणीकडे जावा हें लिंगावरून ठरूं नये, एवढाच त्याचा अर्थ. मॅजिस्ट्रेटाकडचें कलम मात्र अद्याप फक्त पत्नीसाठीं आहे, पतीसाठीं नाहीं.

दोष कोणाचा, हा प्रश्नही नेहमीं निघतो. २५ व्या कलमांत दोन्ही पक्षांचें वर्तन विचारांत घेण्याची मुभा आहे. परंतु दावा हरला म्हणून हक्क आपोआप जात नाहीं. पतीस सोडून गेली या कारणानें जिच्याविरुद्ध घटस्फोट झाला, तिलाही घटस्फोटानंतर १२५ व्या कलमाखालीं पोटगी मागतां येते, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं ठरविलें; आणि परस्परसंमतीनें विभक्त झालेल्या स्त्रीसही तो हक्क आहे, हें १९९५ सालींच ठरलें होतें.

हक्क असला तरी पुरावा लागतो, आणि घोडें पेंड खातें तें येथें. पूर्वीं पति आपलें उत्पन्न कमींत कमी सांगे, पत्नी त्याचें जास्तींत जास्त सांगे, आणि न्यायाधीश मधला आंकडा अंदाजानें धरीत. नागपूरच्या कुटुंब न्यायालयांतून निघालेल्या एका प्रकरणानें ही रीत बदलली. त्यांतील पत्नीनें २०१३ सालीं अर्ज केला. २०१५ सालीं तिला दरमहा पंधरा हजारांची तात्पुरती पोटगी आणि मुलासाठीं निराळी रक्कम मंजूर झाली. पति उच्च न्यायालयांत गेला, तेथें २०१८ सालीं हरला, आणि सर्वोच्च न्यायालयांत गेला. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नांवानें ४ नोव्हेंबर २०२० रोजीं निकाल लागला, तेव्हां ज्याच्या दूधपाण्याचा प्रश्न होता तें मूल शाळेंत जाऊं लागलेलें होतें. त्या निकालानें सांगितलें कीं, दोन्ही पक्षांनीं आपली मिळकत, उत्पन्न, कर्जें आणि खर्च यांचें प्रतिज्ञापत्र आरंभींच दाखल करावें. पोटगी निकालाच्या तारखेपासून नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी. आणि दोन न्यायालयांतून दोन हुकूम मिळाले असतील तर एकांत मिळालेली रक्कम दुसऱ्यांत जमा धरावी. म्हणून पगारपत्रकें, बँकेचीं खातेपुस्तकें, करविवरणें, घराच्या कराराची नक्कल हे कागद ज्या घरांत पतिपत्नी दोघांनाही ठाऊक असतात, तेथें पुढें काय घडेल तें घडो, खोटेपणास वाव कमी राहतो. बायकांनीं हे कागद पाहूं नयेत असा जो एक जुना संकेत कांहीं घरांतून अद्याप पाळला जातो, तो टाकून देण्यास घटस्फोटाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

दरमहा घ्यावी कीं एकरकमी, याला एकच उत्तर नाहीं. एकरकमी घेतली तर दर महिन्याची वाट पाहणें संपतें, जुना संबंध खऱ्या अर्थानें तुटतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निर्णयाप्रमाणें तिच्यावर प्राप्तिकरही लागत नाहीं; दरमहा येणारी रक्कम मात्र उत्पन्नांत धरली जाते. पण एकरकमी पैसा भाऊ घेतात, व्यापारांत जातो, किंवा महागाई खाऊन टाकते. जिला पैसा गुंतविण्याचें ज्ञान आहे आणि जिच्या माहेरीं लोभी माणसें नाहींत, तिनें एकरकमी घ्यावी. इतरांनीं दोनदां विचार करावा.

हुकूम झाला म्हणजे पैसे मिळाले असें होत नाहीं. मॅजिस्ट्रेटाच्या हुकुमाप्रमाणें रक्कम न दिल्यास ती दंडाप्रमाणें वसूल करतां येते, आणि तरीही न दिल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठीं एक महिन्यापर्यंत कैद होऊं शकते. कैद भोगली म्हणून देणें फिटत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं स्पष्ट केलें आहे. नोकरदाराच्या पगारावर जप्ती आणतां येते. साध्या कर्जासाठीं पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, परंतु पोटगीच्या डिक्रीसाठीं फक्त एक तृतीयांशच सुरक्षित राहतो. कायद्यानें सावकारापेक्षां पत्नीला अधिक हात दिला आहे तो असा. मॅजिस्ट्रेटाकडच्या वसुलीस मात्र मुदत आहे : रक्कम ज्या दिवशीं देय झाली त्या दिवसापासून एक वर्षाच्या आंत अर्ज केला पाहिजे, नाहीं तर तेवढ्या महिन्यांपुरतें वॉरंट निघत नाहीं. ‘देईल, दिवाळीनंतर देईल’ म्हणून थांबणाऱ्या बायका या मुदतींतच फसतात. हुकुमाची तारीख आणि प्रत्येक महिन्याची आलेली वा न आलेली रक्कम, स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारीं लिहून ठेविली, तर वर्ष केव्हां भरतें हें वकिलास विचारावें लागत नाहीं.